मासा पाणी प्याला का

हौसा गेल्याचं मला गौराक्कानं सांगितलं, बोटीतून उतरता उतरता.

मी पुलाच्या अलीकडे उभा होतो. दूध संघाचा टेम्पो माझ्याकडे असायचा. आदल्या दिवशी दूध घालून परत आलो तर पूल बंद झालेला. पोलिसांनी आडवी दोरी बांधली होती. रात्र टेम्पोतच काढली. सकाळपासून समोरच्या शेतातल्या विजेच्या खांबाकडे बघत होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. खांबावर पाणी चढत होतं, पण सावकाश, बोटाबोटानं.

सकाळी हौसाचा फोन लागला होता.

"पाणी कुठवर आलंय गं?"

"ओढ्याला फुग आलीया, पाणी मागं चढतंय. पर मासा पाणी प्याला न्हाई अजून."

"तरी म्हशी सोड आणि शाळंकडं जा."

"मासा पिऊ दे की. आत्तापास्नं शाळंत जाऊन काय करू? तिथं निम्मं गाव येणार, चूल मांडायला जागा मिळणार न्हाई. तुमी काय खाल्लासा का?"

"खाल्लं."

"खोटं बोलू नगासा," म्हणाली, आणि फोन कट झाला. नंतर लागलाच नाही.

दुपारी जवानांची बोट आली. शाळेत अडकलेल्या बायका-पोरं तिच्यात होती. गौराक्का म्हणजे आमची शेजारीण, भिंतीला भिंत. तिनं मला बघितलं आणि उतरायच्या आधीच तोंडाला पदर लावला.

"भैरू, हौसा गेली रं. गोठ्याची भिंत आली अंगावर."

जवानानं तिला हात देऊन काठावर घेतलं. तिथं बरीच माणसं होती, सगळी ऐकत होती. गौराक्कानं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दागिन्याचा डबा राहिला म्हणून मागं फिरली. सोन्यापायी जीव घालवला बाईनं."

पाणी उतरल्यावर आम्ही गोठ्यातली माती उपसली. मी होतो, जावई होता, आणि गल्लीतली दोघं. हौसा दारापासून आत, दावणीजवळ सापडली. उजव्या हातात विळा. डाव्या हाताला दाव्याचा तुकडा गुंडाळलेला. गळ्यात डोरलं. दोन म्हशींपैकी एक सुटून शाळेच्या माळावर गेली होती, दुसरी दावणीलाच मेली होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डबा कुठंच नव्हता. असणार कुठून? आमच्या घरात दागिन्याचा डबा नव्हताच. होत्या त्या पाटल्या लेकीच्या, सुरेखाच्या लग्नात तिच्या हातात गेल्या.

तरी दहाव्याला घाटावर बसलो होतो तर मागं कुणीतरी हळूच म्हणालं, "डबा गावला का रं मग?"

मी उठलो. म्हटलं, "कसला डबा?"

तो गिरणीवाला होता. गडबडला. "तसं न्हवं, ऐकलं म्हणून इचारलं."

"कुणाकडनं ऐकलं?"

"आमच्या मंडळीनं सांगिटलं."

त्याच्या मंडळीला विचारलं. ती म्हणाली, "अंगणवाडीच्या बाईंनी. त्यांनी तर बघितलंय. पितळंचा डबा छातीशी धरला हुता म्हणं."

अंगणवाडीच्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो भैरूभाऊ, मी कशी बघणार? मी तर आधीच शाळेत होते. गौराक्कांनी सांगितलं. डबा म्हणाल्या. पितळेचा म्हणाल्या का नाही, आता आठवत नाही."

मग गौराक्काच्या दारात गेलो. तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"आक्का, तू डबा बघिटलास?"

"बघिटला असं कुठं म्हटलं मी?"

"मग काय म्हटलंस?"

"म्हटलं असंल काय तरी. तवा डोकं ठिकाणावर हुतं व्हय कुणाचं?" सूप घेऊन ती आत गेली.

गावभर फिरलेली गोष्ट एकाच तोंडातून निघाली होती, आणि ते तोंड म्हणत होतं की बघितलं नाही. पण हे मी कुणाला सांगितलं की लोक म्हणत, "असू दे भैरू, गेलेलं माणूस परत येतंय व्हय?" जणू मी हौसा परत मागत होतो. मी एवढंच म्हणत होतो की ती सोन्यापायी मेली नाही, तेवढं तोंडातून काढा.

आता माशाचं सांगायला हवं.

आमच्या गावात नदीला घाट आहे आणि घाटावर मारुतीचं देऊळ. घाटाच्या बाजूच्या काळ्या भिंतीतून पुढं आलेल्या एका दगडावर मासा कोरलेला आहे, तोंड नदीकडे. नदी चढत चढत माशाच्या तोंडाला लागली की 'मासा पाणी प्याला' म्हणायचं. मग गुरवानं देवळातली घंटा वाजवायची, थांबायचं नाही, आणि आमच्या खालच्या आळीनं जनावरं सोडून शाळेच्या माळावर जायचं. माझ्या आज्यापासून हे चालत आलंय. पावसाळ्यात आमच्या आळीत सकाळी कुणी 'जेवलास का' विचारत नाही, 'मासा प्याला का' विचारतं. आणि माझा बाप सांगायचा, मासा प्याल्यावर सावकाश आवरायचं, भाकरी थापून निघायचं, पाणी उंबऱ्याला यायला अजून वेळ असतो.

त्या पुरात तातोबा गुरवानं घंटा वाजवली. चुकवली नाही. गुडघाभर पाण्यातून जाऊन वाजवली. गावानं त्याचा सत्कार केला, नारळ दिला, फेटा बांधला. माशाला शेंदूर लावला. 'माशानं गाव राखलं,' म्हणाले. आणि आमची आळी घंटा वाजायच्या आत का बुडाली, याचं उत्तर सगळ्यांकडे तयार होतं. वरून धरणाचं पाणी न सांगता सोडलं, लोंढा आला.

मलाही ते पटलं असतं. पण मी त्या दिवशी खांबाकडे बघत बसलो होतो. लोंढा आलाच नव्हता. पाणी बोटाबोटानं चढलं होतं. लोंढा आला म्हणणारे तेव्हा शाळेच्या खोलीत दार लावून बसले होते.

पुराचा गाळ भिंतींवर रेघ सोडून जातो. आमच्या घरात ती रेघ माझ्या छातीपर्यंत होती. एकदा घाटावर गेलो तर तिथल्या भिंतीवर तीच पिवळी रेघ दिसली, माशाच्या वर वीतभर. मी बघत उभा राहिलो. पाणी तर सगळीकडे सारखं असतं. पूर जास्तीत जास्त चढला तेव्हा माशावर वीतभर पाणी आणि माझ्या घरात छातीभर. म्हणजे मासा पहिला घोट प्याला तेव्हाच माझ्या घरात कमरेच्या वर पाणी असणार.

तातोबा देवळात वाती वळत होता.

"तातोबामामा, घंटा वाजवली तवा माशाला पाणी किती हुतं?"

"व्हटाला लागलं आणि वाजिवली. एक बोट इकडं न्हाई, एक बोट तिकडं न्हाई. का?"

"तवा आमच्या आळीत कमरंइतकं पाणी हुतं."

"असं कसं हुईल?" तो हसला. "तुज्या आळीत पाणी आणि मासा तहानेला?"

"तेच इचारतोय."

"धरणाचं पाणी रं. त्येला काय रीत हाय व्हय?"

सुरेखा माहेरी आली होती. मी गवंडी पातळी बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी आणली, पाणी भरलं. नळी कशीही धरली तरी दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला राहतं. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. माशाच्या तोंडाशी धरून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्यानं भिंतींवर खडूच्या रेघा मारत आळीतून घरापर्यंत आलो. पोरं मागं लागली होती. कुणी तरी ओरडलं, "भैरूमामा, सलाईन कुणाला लावायलायसा?" सुरेखा रडकुंडीला आली, पण टोक सोडलं नाही. शेवटची रेघ आमच्या चौकटीवर पडली. माझ्या कमरेच्या वर चार बोटं.

सुरेखा रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, मी ल्हान असताना ह्या माशावर बसायची. आई धुणं धुवायची तवा. पाय पायरीला टेकायचं. आज नळी धरली तवा मासा माज्या खांद्याला हुता."

"तू ल्हान हुतीस."

"ल्हान हुते म्हणून तर मासा खाली पायजे की. वर कशी चढले असती?"

मला आनंद व्हायला हवा होता, पण भीती वाटली. मला जे ऐकायचं होतं नेमकं तेच ती बोलत होती. तशा वेळी माणसाला काहीही आठवतं. मी डोळे मिटून जुना घाट आठवून बघितला. मला मासा आजच्या जागीच दिसला, शेंदरासकट. शेंदूर तर पुरानंतर लावलेला. म्हणजे माझ्या आठवणीचाही भरवसा नव्हता.

घाटाचा जीर्णोद्धार झाला होता तो सुरेखाच्या लग्नाच्या आधी. काम यल्लाप्पा वडारानं केलं होतं. तो नदीपलीकडच्या गावात राहतो. त्याच्याकडे गेलो. दारात बसून दगड घडवायच्या टाकीला धार लावत होता. मी माशाचा विषय मुद्दाम काढला नाही. घाटाचं काम कसं केलं तेवढंच विचारलं. काय हवं ते मी आधी बोललो असतो तर त्यानंही मान डोलावली असती.

"खालचं थर भाईर आलं हुतं," तो म्हणाला. "सगळी भित्त उतरली. नवा पाया घातला. मग दगड परत बसिवलं, जिथला तिथं. एक मासा तेवढा वर घेटला."

"का?"

"आण्णा पाटील म्हणालं. खाली शेवाळ धरतंय, गाळात जातोय, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत न्हाई. देवाचं काम हाय, नजरंला पडंल असा बसीव. दोन थर वर घेटला. झ्याक दिसतोय न्हवं?"

दोन थर म्हणजे कमरेच्या वर वीतभर.

"यल्लाप्पा, तो मासा कशासाठी हुता म्हाईत हाय?"

"देवाचा हाय की."

त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. काम करवून घेणाऱ्या आण्णा पाटलांना माहीत होतं, त्यांच्याही घरात पावसाळ्यात 'मासा प्याला का' विचारत. पण काम चालू असताना त्यांना तो देवळाचा मासा दिसला, पाण्याचा नाही. त्यानंतर मोठा पूर आलाच नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नाही. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. शेवाळ लागू नये एवढंच मनात होतं.

"गावात येऊन हे सांगशील?"

"सांगीन की. त्यात काय हाय?"

देवळात बैठक बोलावली. आण्णा पाटील खुर्चीवर, बाकी सगळे जाजमावर. यल्लाप्पा आला नाही. फोन केला तर म्हणाला, सासऱ्याकडं आलोय. मागून कळलं, नव्या सभामंडपाचं काम त्यालाच मिळणार होतं.

मी उभा राहून सगळं सांगितलं. रेघ, नळी, दोन थर. मला भाषण येत नाही. सांगून खाली बसलो.

तातोबा उठला. फेटा तोच होता, सत्काराचा.

"म्हणजे मी घंटा उशिरा वाजिवली म्हणतोस?"

"न्हाई मामा. तुमी बरोबर वाजिवली. दगड चुकीच्या जागी हाय."

"दगड म्हणतोस त्येला? शेंदूर दिसत न्हाई?"

"शेंदूर आत्ता लावला. खूण त्याच्या आधीची हाय."

आण्णांनी हात वर केला. ते चांगले माणूस आहेत. हौसाच्या मातीला खांदा त्यांनी दिला होता. म्हणाले, "भैरू, तुझं दुःख आम्हाला कळतंय. पण वर घे म्हणालो असं मला काही आठवत नाही. मासा होता तिथंच आहे. आम्ही सगळे लहानपणापासून बघतोय. काय रं?"

"व्हय व्हय," सगळे म्हणाले.

"लहानपणापासून बघतोय असं मलाबी वाटतंय, आण्णा. पर नळी खोटं बोलत न्हाई. तुमी धरा एक टोक. आत्ता धरा."

"लेखी काय आहे का? दोन थर वर घेतला म्हणून?"

"लेखी कुठलं असणार?"

"मग?"

गिरणीवाला मागून म्हणाला, "आण्णा, मासा वर गेला नसंल, भैरूचं घर खाली खचलं असंल!" देवळात हशा झाला. मोठा नाही, पण झाला. मीही त्या घराला हसलो असतो, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

मी नळी घेऊन आलो होतो. ती जाजमावर ठेवली. म्हटलं, "एकानं धरा. कुणीबी एकानं. घाटावरनं माझ्या घरापतोर चला, मग काय म्हणायचं ते म्हणा." नळीतलं पाणी जाजमावर सांडलं. तातोबा म्हणाला, "जाजम भिजतंय," आणि फडकं आणायला गेला. कुणी टोक उचललं नाही.

आण्णा म्हणाले, "जत्रा होऊ दे. जत्रेनंतर बघू." जत्रा झाली. जत्रेनंतर सभामंडपाचं काम निघालं.

मी तहसीलला गेलो. तिथले साहेब म्हणाले, पाणीपातळीची माहिती आता मोबाईलवर येते, जुन्या खुणांवर विसंबू नका. मी म्हटलं, पुराच्या दिवशी मोबाईलला रेंज नसते, घंटा ऐकू येते. ते म्हणाले, मग घंटेचं ग्रामपंचायतीत बघा. ग्रामपंचायत म्हणाली, घाट देवस्थानचा आहे. देवस्थान म्हणजे आण्णा.

बैठकीनंतर काही दिवसांनी गौराक्का मागच्या दारानं आली. वाटीत कसली तरी भाजी होती. ती ठेवली आणि उंबऱ्यावरच बसली. चौकटीवरची खडूची रेघ तिच्या डोक्यावर होती.

"भैरू, तुला एक सांगू का? रागावू नगंस."

"सांग."

"माजा भाचा न्यायला आला हुता मला. घंटा वाजायच्या लई आधी. त्येला पोवता येत न्हाई, भ्याला हुता. मी निघाले. हौसाला हाक मारली भित्तीवरनं. म्हटलं, चल गं, पाणी परसात आलंया. ती म्हणाली, 'आक्का, मासा प्याला न्हाई अजून. तू हो फुडं. घंटा वाजली की म्हशी सोडते आणि येते.'"

मी विचारलं,

"परसात पाणी बघून बी थांबली?"

"मग काय करंल? घंटा वाजली न्हवती. ती मलाच हसली. म्हणाली, आक्का, तू म्हशीपेक्षा भित्रीस."

ती हौसाच होती. ते वाक्य दुसरं कुणी बनवू शकलं नसतं.

"मग तू डब्याचं का बोललीस?"

गौराक्का पदराचं टोक पिळत राहिली. "म्हस एकलीच माळावर आली, बोटीतनं येताना तुमचा गोठा पडलेला दिसला. उतरले तवा सगळी बघत हुती. मी जित्ती आणि ती न्हाई. लोक म्हणणार, शेजारणीला सोडून पळाली. तोंडाला आलं ते बोलले. एकदा बोलल्यावर माघारी कसं घ्यायचं? सगळ्या गावाला म्हाईत झालं हुतं."

"आक्का, हे बैठकीत सांग. ती घंटेसाठी थांबली एवढंच सांग."

"आणि तातोबा? त्यो म्हातारा काय करंल? आण्णा काय म्हणतील?" ती उठली. "मी तुला सांगिटलं. तुला कळलं न्हवं? मग बास. तिथं माजं नाव घेऊ नगंस. घेटलंस तर मी न्हाई म्हणीन."

ती गेली. वाटी राहिली. दोन दिवसांनी मी ती धुऊन भिंतीवर ठेवली, तिनं पलीकडून घेतली.

याला आता बरीच वर्षं झाली. तातोबा वारला, त्याचा पुतण्या घंटा वाजवतो. सभामंडप यल्लाप्पानंच केला, चांगला केला. गौराक्का गेल्या साली गेली, तिनं पोरीलाही ते सांगितलं नसावं, पोरीनं मला काही विचारलं नाही. मी टेम्पो सोडला. चौकटीवरच्या खडूच्या रेघेवर लाल ऑइलपेंट ओढला आहे, म्हणजे पुसणार नाही. आळीतल्या नव्या सुनांना मी सांगतो की माशाची वाट बघू नका, पाणी ओढ्याच्या दगडी मोरीला लागलं की निघा. त्या 'बरं' म्हणतात आणि आत गेल्यावर सासूला विचारतात. सासू सांगते, त्यांची बायको गेली दागिन्यापायी, तेव्हापासून ते असंच बोलतात.

परवा गावात पाहुणे आले होते. माशाचा फोटो काढत होते. आण्णांचा नातू त्यांना सांगत होता, हा मासा शेकडो वर्षं याच जागी आहे.

मासा अजून दोन थर वरच आहे. या पावसाळ्यातही घंटा त्याच्यावरच वाजणार आहे.